झेंडूच्या पोटातली सुई

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. आश्विन महिना, खंडेनवमीचा दिवस. पाऊस सरलेला. सकाळी पानांवर दहिवर आणि ऊन वर आलं की डोक्याला चटका, असे ते दिवस.

बसा. चहा ओता. स्वतःची फजिती सांगत फिरणारा माणूस मी नव्हे. पण मखमलाबादच्या बाजूला हा किस्सा माझ्याखेरीज सगळे सांगतात आणि जो तो पदरचं घालतो. कुणी म्हणतं कुत्र्याचं पोट फाडलं होतं. कुणी म्हणतं माझं. तेव्हा खरं काय झालं ते एकदा माझ्याच तोंडून ऐका.

माझा धंदा फुलांचा. शेतात झेंडू, शेवंती, बांधाला थोडा गुलाब. घरीच हार ओवायचे आणि पंचवटीत नेऊन विकायचे. शाळा चौथीपर्यंत. पण हाराच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं काम नाही. नुसती ओवण बघून सांगतो, हार कुणाच्या हातचा आहे.

झेंडू म्हणजे आमचा कुत्रा. रंगावरून बायकोने नाव ठेवलं. माझं म्हणणं होतं, कुत्र्याला नाव हवंच कशाला? 'यू' म्हटलं की येतो, 'हाड' म्हटलं की जातो. भाकरी बायको घालायची. मी लाड केले नाहीत. रोज माझ्याच खाटेखाली झोपायचा, ती त्याची मर्जी.

आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर पूजतो, गवंडी थापी पूजतो. आमच्या पाटावर विळे, खुरपी, कात्री आणि हाराच्या सुया. हाराची सुई म्हणजे शिवणाची सुई समजू नका. वीतभर लांब असते. आणि आमची रीत अशी की पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून सगळा माल आदल्या दिवशीच ओवून रवाना करतो.

त्या दिवशी मी अंघोळ केली. स्वच्छ धोतर, धुतलेली टोपी. एवढ्यात एक ओळखीचा माणूस ट्रॅक्टरला हार हवा म्हणून दारात उभा. सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? उभ्याउभ्या ओवून दिला. मग पाटावर येऊन बसलो.

बायको सुया मांडत होती. मांडता मांडता थांबली.

"अहो, मोठी सुई कुठाय?"

"तिथंच आसंल."

"तिथं नाय म्हणूनच विचारते ना."

मोठी सुई माझ्या वडिलांची. नेढ्यापाशी किंचित वाकलेली. त्या सुईशिवाय पूजा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. शोधाशोध सुरू झाली. टोपल्या उपड्या केल्या. गोणपाट झटकलं. फुलांचा कचरा चाळला.

आणि दारात बघतो तर झेंडू बसलेला. मान खाली, तोंड वेडंवाकडं करतोय, खाकरतोय. आणि तोंडातून लोंबतोय हाराचा दोरा. दोऱ्याला एक पिवळी पाकळी.

बायकोच्या हातातला कुंकवाचा करंडा पडला.

"सुई गिळली त्यानं," मी म्हणालो.

ही माझी पहिली चूक. पण मला सांगा, तुम्ही काय समजला असता? सुई गायब, दोरा तोंडात. जिथं दोरा तिथं सुई. आमच्या धंद्यात हे लहान पोराला कळतं.

शेजारचा शब्बीर अंगणात रिक्षा धूत होता. आवाज ऐकून आला. मला मामा म्हणतो, बायकोला मामी.

"मामा, धागा खिचा ना. धाग्याला सुई लागलेली आसंल. निघंल बाहर."

मला पटलं. दोरा बोटाला गुंडाळला. तेवढ्यात बायकोने मनगट धरलं.

"सोडा. वीतभर सुई हाय ती. मासा हाय का गळाला लागलेला? आतून फाटंल सगळा."

"मग काय करू?"

"दवाखान्यात न्या."

"दवाखान्यात न्यायला अजून लय येळ हाय," मी म्हणालो. "आधी केळी आण."

हसू नका. पोराने नाणं गिळलं की केळी चारतात, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? माझ्या थोरल्याने चार आणे गिळले होते. केळी चारली. दुसऱ्या दिवशी चार आणे हजर. सुई काय आणि नाणं काय, केळ्यात गुंडाळली की सुखरूप उतरणार, हा माझा हिशेब.

पूजेला आणलेली फणी घेतली आणि झेंडूपुढे बसलो. सोलून सोलून चारली. दोरा लोंबतोय आणि कुत्रा केळी खातोय. शेपूट हलवत खातोय. पोटात वीतभर सुई असलेला प्राणी इतक्या आवडीने खाईल का? हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्या तर नाहीच.

फणी संपली. दोरा तिथंच. झेंडू पुन्हा खाकरायला लागला आणि या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग मात्र मी त्याला उचलला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, कारण मी त्याला याआधी कधी उचललेलं तिने पाहिलं नव्हतं.

"बघते काय," मी म्हणालो. "रिक्षात बस."

जनावरांच्या दवाखान्याला सुट्टी होती, पण डॉक्टरीणबाई मागच्याच खोल्यांत राहायच्या. तरणी पोर, पण हात धीट. झेंडूचं तोंड उघडायला गेल्या तर तो गुरगुरला आणि दात दाखवले. जेवढं दिसलं तेवढं त्यांनी बॅटरी मारून पाहिलं.

"दोरा मागे गेलाय. सुई गिळताना पाहिली का कुणी?"

"पाहायचं काय त्यात?" मी म्हणालो. "उभा जन्म हेच काम करतोय. दोरा हाय म्हणजे सुई हाय."

"बरं. दोरा ओढला नाही ना?"

"मी ओढू दिला नाय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"छान केलंत. ओढला असता तर आतडं चिरलं असतं. मीठपाणी पाजून ओकायला लावलं?"

"नाय."

"तेही बरं. वर येताना सुई घशात रुतली असती. काही खायला घातलं?"

शब्बीर बोलला. बोलायची गरज नव्हती.

"केळी. मामांनी चारली."

"किती?"

"फणी खतम केली."

बाईंनी डोळे मिटले. मग सावकाश, पोराला सांगावं तसं मला सांगितलं. "बाबा, कुत्र्याने असं काही गिळलं तर दोन गोष्टी करायच्या. आपल्या मनाने काही द्यायचं नाही आणि लगेच घेऊन यायचं. पोट भरलेलं असलं की भूल देताना धोका वाढतो. उलटी फुफ्फुसात जाऊ शकते."

"केळी हलकी असतात," मी म्हणालो.

कशाला म्हणालो कोण जाणे. पण सगळ्यांदेखत गप्प बसायची सवय नव्हती.

आधी फोटो काढून सुई कुठे आहे ते पाहायचं ठरलं. दवाखान्यात यंत्र नव्हतं. पुढच्या चौकात देसले म्हणून सटाण्याकडचे गृहस्थ होते. त्यांचं एक्स-रेचं यंत्र होतं, पण माणसांचं. बाईंनी फोन केला. काय बोलणं झालं ठाऊक नाही. आम्ही पोहोचलो तर देसले दारात उभे. कपाळाला गंध, दाराला तोरण, आत उदबत्तीचा वास. आणि यंत्राला कुंकवाची बोटं आणि हार.

त्यांची नजर माझ्या हातातल्या झेंडूवर गेली.

"हाई काय शे?" ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. मग सावरून आमच्या भाषेत आले. "बाई पेशंट म्हणाल्या होत्या."

"हाच," मी म्हणालो.

"बाबा, मशीनची पूजा झाली. आता उद्यापर्यंत हात लावत नाही. आमच्या वडिलांपासूनची रीत आहे."

रीत मला समजते. पूजा केलेल्या सुईला मीही हात लावला नसता, दारात खुद्द कलेक्टर उभा राहिला तरी. बायको पुढे झाली.

"भाऊ, जीव हाय तो."

देसल्यांनी झेंडूकडे पाहिलं. झेंडूने त्यांच्याकडे पाहून खाकरून दाखवलं. देसले यंत्रापुढे गेले, हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि हार उतरवून बाजूला ठेवला.

मी हार पाहून घेतला. बाजारातला. ओवण ढिली, फुलांपेक्षा पानं जास्त. पण ती वेळ नव्हती.

"पेशंटचं नाव?"

"झेंडू."

"पूर्ण नाव सांगा. फोटोवर लागतं."

"कुत्र्याला आडनाव कुठलं आलं?"

"आमचंच लावा," बायको म्हणाली. देसल्यांनी लावलं. आमच्या घराण्याचं नाव एक्स-रेवर पहिल्यांदा लागलं ते असं.

टेबल गारढोण. झेंडूला आडवा पाडला तर थरथरायला लागला. हलला की फोटो बिघडतो म्हणे. मी पुढचे पाय धरले, शब्बीरने मागचे. थरथर थांबेना. तेव्हा मी एक गोष्ट केली. टोपी काढली आणि त्याच्या पोटाखाली सरकवली.

बिनटोपीचं मला बायकोखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं. तीसुद्धा चकित झाली.

"अहो, टोपी?"

"धुता येते," मी म्हणालो.

झेंडू शांत पडला. फोटो निघाला. मी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर चढवली.

देसल्यांनी फोटो उजेडाला धरला आणि चुकचुकले. मी जवळ गेलो. काळ्या फोटोत बरगड्या दिसत होत्या, आणि बरोबर पोटात, आडवी, पांढरी शुभ्र सुई. काय दिसत होती म्हणून सांगू. इतकी देखणी ती मला कधी वाटली नव्हती.

"हीच का?"

"हीच. हे बघा, नेढ्यापाशी वाकलेली. शंभर सुयांत ओळखीन."

"पक्कं?"

"देसलेभाऊ," मी म्हणालो, "मी हारवाला हाय."

दवाखान्यात परतलो. बाईंनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. सुई मोठी, कधीही आरपार जाईल, थांबून चालणार नाही. पोट उघडावं लागेल. कुत्रा म्हातारा, त्यात पोट केळ्यांनी भरलेलं.

"प्रयत्न करते," त्या म्हणाल्या. "खात्री देत नाही."

त्या आत जाऊन तयारीला लागल्या. बायको झेंडूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. एवढी वर्षं झाली लग्नाला, ती मला टाकून कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. तेही हळू.

"सुई तुमची. केळी तुमचीच."

बाईंनी वस्तरा आणला. झेंडूच्या पोटावरचे केस काढायला लागल्या. केस खाली पडत होते, अगदी झेंडूच्या पाकळ्यांसारखे. तो मुकाट्याने माझ्याकडे बघत होता. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं आणि कपाळावर हात मारला.

आणि कपाळात काहीतरी घुसलं.

टोपीच्या पट्टीला हात लावून पाहिला. काहीतरी लांब, बारीक, कडक लागलं. एका टोकाला किंचित वाकलेलं.

आता तुम्ही म्हणाल, सुई टोपीत गेली कशी? हारवाल्याचे दोन्ही हात फुलांत असतात. सुई मोकळी झाली की कुठंतरी खोचायची. कुणी गळपट्टीला खोचतो, कुणी बाहीला. मी टोपीच्या घडीत. सकाळी ट्रॅक्टरवाल्याचा हार झाल्यावर खोचली असणार. हाताने खोचली, डोक्याला कळवलं नाही. मग झेंडू टोपीवर झोपला, त्याच्या वजनाने टोक कापडाबाहेर आलं.

खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण माणसाचा ताठा मोठा वाईट. मला वाटलं, सुई दाखवल्याशिवाय काम भागत असेल तर बघावं.

"डॉक्टरीणबाई," मी म्हणालो, "ऑपरेशन नको."

वस्तरा थांबला.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. घरी नेतो."

"बाबा, मरेल तो."

"नाय मरणार."

"कशावरून?"

"मला वाटतंय."

बायको उठून उभी राहिली. "तुम्हाला वाटतंय? केळीपण तुम्हाला वाटली व्हती."

"मामा," शब्बीर म्हणाला, "खर्चाचं टेन्शन घेऊ नका. मी बघतो ना."

बघा, काय पाळी आली. सगळ्या मखमलाबादेत ताठ मानेने फिरणारा माणूस, आणि शेजारच्या पोराला वाटतंय की पैशापायी कुत्र्याचा जीव घेतोय.

"खर्चाचं नाय," मी म्हणालो.

"मग कशाचं?"

बाईंनी नाद सोडला. म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात, बाबा. बाहेर बसा." आणि भुलीचं इंजेक्शन भरायला घेतलं. बायकोने झेंडूचा पाय पुढे धरला.

आता मार्ग उरला नाही. मी टोपी काढली, घडीतून सुई ओढली आणि टेबलावर ठेवली.

बाईंनी सुईकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा सुईकडे.

"ही दुसरी का?"

"नाय. हीच ती."

"मग फोटोतली कुठली?"

"तीबी हीच."

बाई शिकलेल्या. त्यांना वेळ लागला नाही. "फोटो काढताना टोपी कुठे होती?"

मी टोपी पाठीमागे लपवली. उत्तर बायकोने दिलं. "त्याच्या पोटाखाली."

पहिला हसला तो शब्बीर. भिंतीला टेकून हसला, मग खाली बसून हसला. बाईंनी तोंड दुसरीकडे केलं, पण खांदे हलत होते. बायको हसली नाही. तिने झेंडूला छातीशी धरलं आणि रडायला लागली. मग रडता रडता तीही हसायला लागली. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं, फक्त झेंडू बघत होता.

पण बाई पक्क्या. म्हणाल्या, दोरा अजून तोंडात आहे, पोटात दुसरं काही नाही याची खात्री हवी. पुन्हा फोटो.

पुन्हा देसले. त्यांनी हार परत चढवला होता, नवी उदबत्ती लावली होती आणि प्रसाद खात बसले होते. आम्हाला पाहून घास हातातच राहिला.

"आता काय?"

शब्बीरने सांगितलं. सगळं सांगितलं. देसल्यांनी ऐकून घेतलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, उठले, हात धुतले. पुन्हा यंत्राला नमस्कार, पुन्हा हार उतरवला. या खेपेला मुळात ढिला असलेला तो हार मधेच तुटला आणि फुलं सगळ्या फरशीवर पसरली.

"टोपी शब्बीरभाईकडे द्या," देसले म्हणाले. दिली.

दुसरा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"सुई नाही. केळी मात्र लय दिसतात."

दवाखान्यात परतल्यावर बाईंनी गुंगीचं थोडंसं औषध देऊन झेंडूचा जबडा उघडला. दोरा मागच्या दाढेला वेढे घेऊन बसला होता, त्यात झेंडूच्या देठाचा चोथा अडकलेला. कात्रीने कापला, चिमट्याने काढला. एवढंच होतं. फुलांच्या कचऱ्यात काहीतरी चघळत बसला असणार.

बाईंचे पैसे चुकते केले. देसल्यांकडे गेलो तर ते फरशीवरची फुलं वेचत होते. पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत.

"पैशाचं राहू द्या, बाबा. पूजा मोडली, तिचं काय?"

त्यांनी रीत मोडली होती, एकदा नव्हे दोनदा, आणि तीही माझ्या टोपीतल्या सुईसाठी. मान खाली घालून रिक्षात बसलो.

घरी पूजा दुपार कलल्यावर झाली. बायकोने पाटावर मोठी सुई ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग माझ्या डोक्यावरची टोपी उचलून सुईशेजारी ठेवली आणि तिलाही वाहिलं.

"हे काय?" मी म्हणालो.

"हत्यारच हाय ते," ती म्हणाली. "जीव घेणार व्हतं."

दसऱ्याला उजाडता उजाडता मी शेतात गेलो. भरगच्च गोंडे निवडून खुडले. हार सुईने ओवला नाही, हाताने गाठी मारत बांधला. मधे पान एक नाही. चांगला घसघशीत झाला. दुसरी टोपी घातली आणि चालत देसल्यांकडे गेलो.

देसले दारातच भेटले. हार पाहिला, मान डोलावली. मग बोट वर केलं.

"बाबा, टोपी बाहेर."

बाहेर ठेवली. आत गेलो आणि यंत्राला हार घातला.